कोयनेचा आत्ता, पोफळीचा आत्ता

कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967 रोजी पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी झाला. पाटण तालुक्यात ही तारीख कुणाला सांगावी लागत नाही. पण नोंदीतल्या वेळेकडे जरा चिकित्सेने पाहिले, तर तिच्यात दोन निराळ्या जातीच्या गोष्टी एकत्र बांधलेल्या दिसतात. जमीन हादरली, ही घटना. ती कुणाला विचारून घडली नाही. '4 वाजून 21 मिनिटे' हा मात्र माणसांनी आपापसात केलेला करार आहे. ही वेळ 82.5 अंश पूर्व रेखावृत्तावरची. पाटण त्या रेषेच्या साडेआठ अंशांहून थोडे अधिक पश्चिमेला असल्यामुळे सूर्यावरून लावलेले तिथले घड्याळ प्रमाणवेळेच्या सुमारे 34 मिनिटे मागे पडेल, आणि त्या घड्याळात भूकंपाच्या वेळी पावणेचारच्या आसपास वाजलेले असतील. प्रमाणवेळ 1 जानेवारी 1906 पासून लागू झाली, तरी मुंबईने 39 मिनिटे मागे असलेला आपला 'बॉम्बे टाइम' 1955 पर्यंत सोडला नव्हता. हे वाद गंमतीचे वाटतात, कारण त्यामागे एक विश्वास असतो: घड्याळे कशीही लावा, खरा 'आत्ता' साऱ्या जगात एकच आहे. आइन्स्टाइनच्या सिद्धांताने हा विश्वासच काढून घेतला. लांबच्या दोन ठिकाणी 'एकाच क्षणी' काय घडते, हे ठरवणेसुद्धा करारात मोडते, असे तो सिद्धांत सांगतो.

हेर्मान मिंकोव्स्की यांनी 1908 साली कोलोन इथल्या व्याख्यानात अवकाश आणि काळ यांचे स्वतंत्र अस्तित्व संपल्याचे जाहीर केले आणि दोन्ही मिळून चार मितींचा एकच अवकाशकाल मांडला. 1915 मध्ये आइन्स्टाइन यांनी त्या अवकाशकालाला वक्रता दिली आणि गुरुत्वाकर्षणाला तिचेच रूप मानले. हे सर्वश्रुत आहे. त्यापुढचे प्रकरण सामान्य वाचकापर्यंत सहसा येत नाही. 1959 ते 1962 या काळात रिचर्ड आर्नोविट, स्टॅन्ली डेझर आणि चार्ल्स मिस्नर या तीन अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञांनी तोच अवकाशकाल पुन्हा फोडला: एका बाजूला तीन मितींचा अवकाश, दुसऱ्या बाजूला काळ. इतक्या कष्टाने जोडलेले पुन्हा वेगळे करणे ही माघार नव्हती का? माझ्या मते नव्हती. उलट, या फोडीमुळेच सिद्धांताचा अर्थ स्वच्छ झाला. फोड आपण करतो, ती अनेक प्रकारे करता येते, पण मनाला येईल तशी करता येत नाही. आणि फोड बदलली तरी जे बदलत नाही, तेवढेच निसर्गाचे असते.

अळूवडीचा उकडलेला उंडा डोळ्यांसमोर आणा. सरळ कापला तर चकती गोल निघते, तिरका कापला तर लांबट. पानाची गुंडाळी प्रत्येक कापात वेगळी दिसते, उंडा मात्र तोच. अवकाशकाल हा उंडा आणि एकेक चकती म्हणजे 'या क्षणीचे सगळे विश्व'. आर्नोविट, डेझर आणि मिस्नर यांच्या मांडणीत कापण्याची पद्धत चार राशींनी सांगितली जाते. पहिलीला 'लॅप्स' म्हणतात. एका चकतीवरून पुढच्या चकतीवर जाताना एखाद्या ठिकाणच्या घड्याळात किती काळ सरतो, हे ती सांगते. हा काळ सगळीकडे सारखा असायलाच हवा असे नाही. चकती एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ असू शकते. उरलेल्या तीन राशी मिळून 'शिफ्ट' होते. पुढच्या चकतीवर 'तीच जागा' म्हणून कोणता बिंदू धरायचा, ते शिफ्ट ठरवते. या चारही राशी निवडण्याची मुभा आपल्याला आहे. आइन्स्टाइनची समीकरणे त्यांच्याविषयी अवाक्षर काढत नाहीत, आणि सगळी गंमत त्या मौनातच आहे.

एवढे मान्य केल्यावर 'मग सगळेच मानण्यावर आहे' असे म्हणण्याचा मोह होतो. तो कोयनेच्या खोऱ्यातच तपासून पाहता येतो. धरणाचे पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून कोकणात, पोफळीच्या भूमिगत वीजगृहात उतरते. जलाशय आणि वीजगृह यांच्या उंचीत ढोबळमानाने 500 मीटरचा फरक धरू. गुरुत्वाकर्षणाच्या स्रोताजवळचे घड्याळ लांबच्या घड्याळापेक्षा सावकाश चालते, असे सिद्धांत सांगतो. 500 मीटरला फरक पडतो एका सेकंदाच्या शंभर महापद्म भागांपैकी पाच-साडेपाच भागांइतका. म्हणजे पोफळीचे घड्याळ कोयनेच्या घड्याळापेक्षा वर्षाला सुमारे 1.7 मायक्रोसेकंद मागे पडेल. हा कागदावरचा हिशेब राहिलेला नाही. टोकियोच्या स्कायट्री मनोऱ्यावर 450 मीटर उंचीच्या फरकाने ठेवलेल्या दोन अचूक घड्याळांमध्ये असाच फरक मोजल्याचे 2020 साली प्रसिद्ध झाले. त्याच्या दहा वर्षे आधी अमेरिकेत केवळ 33 सेंटिमीटर उंचीचा फरकही घड्याळांत दिसला होता. कोयना परिसरात गोठणे इथे भूकंपाच्या अभ्यासासाठी 3 किलोमीटर खोल विवर खोदले आहे. त्याच्या तळाशी घड्याळ ठेवले तर ते वरच्या घड्याळाच्या वर्षाला दहा मायक्रोसेकंद मागे पडेल, हाही त्याच नियमाचा हिशेब.

यात करार किती आणि निसर्ग किती? पोफळीत एखादी टर्बाइन फिरू लागली त्या क्षणी कोयनानगरच्या घड्याळात नेमके किती वाजले होते, याचे उत्तर चकत्या कशा कापल्या यावर अवलंबून आहे. पण वर्षभर वेगवेगळी राहिलेली दोन घड्याळे शेजारी आणून ठेवली, तर त्यांच्यातला फरक हा कोणत्याही कापणीत तोच येतो. दोन घटनांच्या दरम्यान एखाद्या घड्याळाने आपल्या वाटेवर किती काळ मोजला, ही राशी चकत्यांना जुमानत नाही. सापेक्षतावाद सगळे काही सापेक्ष ठरवतो, हे वाक्य मराठी भाषणांत फार सढळपणे फेकले जाते. वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे: काय सापेक्ष नाही, ते शोधून काढण्याची ही शिस्त आहे.

एकच कापणी सगळीकडे नीट बसत नाही, याचा पुरावाही पृथ्वीवरच आहे. शेजारशेजारची घड्याळे जुळवण्याची साधी रीत म्हणजे प्रकाशाचा इशारा पाठवायचा आणि त्याला लागलेला वेळ हिशेबात धरायचा. पाटणच्या अक्षांशावरून पूर्वेकडे अशी घड्याळामागून घड्याळे जुळवत पृथ्वीला फेरी मारून पुन्हा पाटणला आलो, तर शेवटचे घड्याळ पहिल्याशी जुळणार नाही. पृथ्वी फिरते आहे, म्हणून जवळजवळ 190 नॅनोसेकंदांची तफावत उरेल. विषुववृत्तावर ती सुमारे 207 असते. घड्याळे बिघडलेली नाहीत, कुणाचा हिशेब चुकलेला नाही. फिरत्या पृथ्वीवर बसलेल्यांच्या शेजारशेजारच्या 'आत्तां'ना जोडून एक अखंड चकती बनतच नाही. व्यवहारात यावर तोडगा असा, की पृथ्वीच्या केंद्राशी बांधलेली पण न फिरणारी एक काल्पनिक चौकट घ्यायची आणि सगळ्यांनी तिची कापणी मानायची. जीपीएस हेच करते. त्या उपग्रहांवरची घड्याळे उंचीमुळे दिवसाला सुमारे 45 मायक्रोसेकंद पुढे जातात, वेगामुळे 7 मायक्रोसेकंद मागे पडतात, आणि उरलेले 38 मायक्रोसेकंद दुरुस्त करावे लागतात. कोयना-वारणा भागातल्या भूकंपमापकांच्या जाळ्यात लहर कोणत्या केंद्रावर कधी पोहोचली याची तुलना करून धक्क्याचे ठिकाण काढतात, आणि केंद्रांची घड्याळे उपग्रहांवरून जुळवतात. भूकंपशास्त्राला नॅनोसेकंदांची गरज नाही, मिलिसेकंद पुरतात. पण दिवसाला 38 मायक्रोसेकंदांची चूक साचू दिली तर सव्वीस-सत्तावीस दिवसांत मिलिसेकंद भरतो. कापणी हा करार असला तरी तो न पाळण्याची किंमत खरी असते.

आता दुसरा आक्षेप. कापणी आपल्या हातात असेल, तर पहिली चकती हवी तशी रंगवून तिच्यातून हवे ते भविष्य काढता येईल की! तसे होत नाही. फोड केल्यावर आइन्स्टाइनच्या दहा समीकरणांचे दोन गट पडतात. सहा समीकरणे एका चकतीवरून पुढची चकती कशी घडते ते सांगतात. उरलेली चार काळाविषयी बोलतच नाहीत. एकाच चकतीवर अवकाशाची वक्रता, तिच्या बदलाची गती आणि तिथले द्रव्य यांचा मेळ कसा असला पाहिजे, एवढीच अट ती घालतात. अट न पाळणारी चकती कोणत्याच विश्वाचा क्षण होऊ शकत नाही. आणि एका चकतीने अट पाळली, की सहा समीकरणे पुढच्या प्रत्येक चकतीवर ती आपोआप पाळली जाईल याची हमी देतात. योग्य चकती दिली तर तिच्यातून पुढचा अवकाशकाल खरोखर उलगडतो, हे इव्हॉन शोके-ब्रुआ या फ्रेंच गणितज्ञ स्त्रीने 1952 साली सिद्ध केले. गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतातली ही फार मोठी कामगिरी, आणि लोकांपर्यंत सर्वांत कमी पोहोचलेली.

याची कसोटी संगणकावर लागली. दोन कृष्णविवरे एकमेकांभोवती फिरत शेवटी एक होतात तेव्हा बाहेर पडणाऱ्या गुरुत्वीय लहरीचा आकार काढण्यासाठी समीकरणे चकतीचकतीने सोडवावी लागतात. पहिला प्रयत्न 1964 चा. यश आले 2005 मध्ये. मधली चाळीस वर्षे अनेक अडचणींत गेली, पण कापणी कशी करावी हा त्यांतला मोठा प्रश्न होता. बेतशुद्ध वाटणारी कापणी कृष्णविवराच्या पोटातल्या अनंत वक्रतेवर जाऊन आदळते आणि संगणक थांबतो. म्हणून तिथे लॅप्स जवळजवळ शून्यावर येईल अशी कापणी वापरतात: आत काळ थबकतो, बाहेर चालू राहतो. वेगवेगळ्या गटांनी वेगवेगळ्या कापण्या वापरल्या. फ्रान्स प्रिटोरियस यांची रीत तर आर्नोविट प्रभृतींच्या मांडणीहूनही निराळी होती. तरी दूर पोहोचणारी लहर सगळ्यांची सारखीच निघाली. 14 सप्टेंबर 2015 रोजी गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगोच्या दोन्ही वेधशाळांत सुमारे 1.3 अब्ज प्रकाशवर्षांवरून आलेली लहर उमटली, तेव्हा ती या गणितांशी जुळली. गोंगाटातून अशी लहर निवडून काढण्याच्या पद्धतींवर पुण्याच्या आयुकात संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपासून काम करत होते, आणि हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ इथे भारतातली लायगो वेधशाळा व्हायची आहे. कापणी मानवी असूनही उत्तर कापणीवर अवलंबून नाही, याचा यापेक्षा रोकडा पुरावा मला तरी माहीत नाही.

कापणीने किती फसगत होऊ शकते, याचे सर्वांत बोलके उदाहरण मात्र विश्वरचनाशास्त्रातले आहे. 1917 मध्ये डच खगोलशास्त्रज्ञ विलेम डी सिटर यांनी द्रव्यहीन विश्वाचे एक उत्तर आइन्स्टाइनच्या समीकरणांतून काढले. ते एका पद्धतीने कापले तर विश्व स्थिर दिसते. दुसऱ्या पद्धतीने कापले तर सपाट अवकाश सतत, अधिकाधिक वेगाने पसरताना दिसतो. तिसऱ्या पद्धतीत बंदिस्त अवकाश आधी आक्रसतो, एका किमान आकाराला पोहोचतो आणि मग पसरतो. अवकाशकाल एकच, फरक एवढाच की काही कापण्या त्याचा एखादाच भाग व्यापतात. मूळचे कोल्हापूरचे जयंत नारळीकर ज्या स्थिर-स्थिती सिद्धांताच्या बाजूने फ्रेड हॉइल यांच्याबरोबर उभे राहिले, त्याची भूमिती म्हणजे याच अवकाशकालाची सतत पसरणारी कापणी. विश्व सर्व ठिकाणी आणि सर्व काळी सारखेच दिसते, हे त्या सिद्धांताचे मूळ गृहीत. हे गृहीत मांडायलाच 'ठिकाण' आणि 'काळ' आधी वेगळे करावे लागतात. तो सिद्धांत पुढे निरीक्षणांपुढे टिकला नाही, हा वेगळा विषय. पण 'विश्व पसरते आहे काय?' हा प्रश्न नुसत्या भूमितीला विचारला, तर उत्तर मिळेलच असे नाही, हा धडा त्यातून मिळतो.

मग विश्वाचे वय 13.8 अब्ज वर्षे, असे खगोलशास्त्रज्ञ ठामपणे कसे सांगतात? हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, कारण तो थेट वर्मावर बोट ठेवतो. डी सिटर यांच्या रिकाम्या विश्वात कापणी सुचवणारे काहीच नाही. आपल्या विश्वात द्रव्य आहे. दीर्घिकांच्या वाटा एकमेकींना न छेदता एका उगमापासून पसरत आल्या आहेत, असे मानण्याचा प्रस्ताव हेर्मान वाइल यांनी 1923 मध्ये मांडला. या वाटांना काटकोनात छेदणाऱ्या चकत्या घेतल्या तर विश्व प्रत्येक चकतीवर, मोठ्या प्रमाणावर पाहता, सगळीकडे सारखे दिसते. ही कापणी समीकरणांनी लादलेली नाही, पण विश्वातल्या द्रव्याने सुचवलेली आहे. विश्वाच्या आरंभीच्या काळापासून उरलेले आदिम प्रारण सर्व दिशांना जवळजवळ सारखे दिसते, हा तिचा निरीक्षणातला आधार. आपण स्वतः त्या प्रारणाच्या चौकटीत स्थिर नाही. सूर्य सेकंदाला सुमारे 370 किलोमीटर वेगाने जातो आहे. हाच वेग एखाद्या घड्याळाने विश्वाच्या आरंभापासून कायम ठेवला असता, तर त्याने मोजलेले विश्वाचे वय दहा हजार वर्षांच्या आसपास कमी भरले असते. 13.8 अब्जांच्या हिशेबात हा फरक नगण्य आहे. म्हणून 'विश्वाचे वय' हा शब्दप्रयोग चालतो. पण त्याचा अर्थ 'दीर्घिकांबरोबर वाहत आलेल्या घड्याळाने मोजलेला काळ' एवढाच आहे. सगळ्या विश्वावर टांगलेले एकच घड्याळ, असा नाही.

कुर्ट ग्योडेल यांनी 1949 साली आणखी एक खोच काढली. आइन्स्टाइनच्या सत्तराव्या वर्षानिमित्त त्यांनी समीकरणांचे असे एक उत्तर शोधले, ज्यात सारे द्रव्य फिरते आहे आणि ज्याची संपूर्ण अवकाशकालभर चकत्यांत फोडच करता येत नाही. त्या विश्वात पुढे पुढे जाणारा प्रवासी आपल्याच भूतकाळात पोहोचू शकतो. म्हणजे फोड करता येणे, हाही विश्वाचा एक गुण आहे. तो गृहीत धरता येत नाही. कोणत्या विश्वांना तो असतो, याचे नेमके उत्तर रॉबर्ट गेरोच यांनी 1970 मध्ये दिले. ज्या अवकाशकालात एखादी चकती अशी असते, की कार्यकारणाची प्रत्येक अखंड वाट तिला नेमकी एकदाच छेदते, तो अवकाशकाल पहिल्यापासून शेवटपर्यंत चकत्यांत फोडता येतो, आणि साऱ्या चकत्यांची ठेवण मुळात सारखीच असते. आपले विश्व त्या प्रकारचे आहे असे आपण मानतो, आणि तसे मानायला सबळ कारणे आहेत. पण ते मानतो, हे विसरू नये.

यावर कुणी म्हणेल, की काळाची कापणी करारावर असेल तर काळ हा भासच ठरतो. वेदान्ताच्या मांडवात या निष्कर्षाचे फार आवडीने स्वागत होईल, पण तो निघत नाही. कोयनेत धक्का बसला आणि लहर नंतर कराडला पोहोचली, हा क्रम कोणतीही कापणी उलटवू शकत नाही, कारण एका घटनेचा परिणाम दुसरीपर्यंत पोहोचलेला आहे. क्रम अनिर्णित राहतो तो फक्त अशा घटनांचा, ज्यांच्यात प्रकाशालाही वेळेत ये-जा करता आली नसती. तिथे क्रम ठरवण्यासारखे भौतिक असे काहीच नसते.

ही सगळी चर्चा एका ठिकाणी येऊन खरोखर अडते, आणि तिथे एका मराठी माणसाचे नाव आहे. गेरोच यांच्याकडेच शिकागोत संशोधन केलेले अभय अष्टेकर धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरचे. 1986 साली त्यांनी चकत्यांवरची भूमिती नव्या चलांत लिहिली. अट घालणारी जी समीकरणे जुन्या मांडणीत अतिशय किचकट होती, ती या चलांत सोपी, जवळजवळ विद्युतचुंबकीय क्षेत्राच्या समीकरणांसारखी झाली. त्यातूनच पुढे लूप क्वांटम गुरुत्वाचा मार्ग उघडला. पण गुरुत्वाकर्षणाला क्वांटम सिद्धांत लावताच जुनाच प्रश्न नव्या तीव्रतेने पुढे येतो. चकती कशीही पुढे सरकवली तरी भौतिकीत फरक पडू नये, या मागणीमुळे समीकरणातून काळ संपूर्णपणे गळून पडतो. 1967 साली ब्राइस डेविट यांनी मांडलेल्या समीकरणात काळाचा मागमूस नाही. अष्टेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये विश्वाच्या आरंभाचा अभ्यास करताना यावर एक तोडगा वापरला: बाहेरचे घड्याळ नसेल तर विश्वातलीच एखादी भौतिक राशी, त्यांच्या बाबतीत एक क्षेत्र, घड्याळ म्हणून घ्यायची आणि बाकीचे विश्व तिच्या तुलनेत कसे बदलते ते पाहायचे. त्या हिशेबात महास्फोटाच्या जागी आधीच्या आकुंचनातून आलेली उसळी निघाली. वाइल यांनी दीर्घिकांकडून कापणी मागितली होती. इथे ती क्षेत्राकडून मागितली आहे, म्हणून मला ही वाट योग्य दिशेची वाटते. मात्र घड्याळ म्हणून दुसरी राशी घेतली तर तोच क्वांटम सिद्धांत मिळतो का, हे आइन्स्टाइनच्या मूळ सिद्धांताइतक्या निर्विवादपणे कुणी दाखवलेले नाही. संगणकावरच्या कृष्णविवरांच्या बाबतीत वेगवेगळ्या कापण्यांची लहर शेवटी एकच आली आणि वेधशाळेने तिच्यावर शिक्का मारला. उसळीच्या बाबतीत तशी तुलना अजून व्हायची आहे.